मातीखालून आलेली आग

बहात्तर सालच्या दुष्काळात आमच्या गावातून जी माणसं पोटामागं बाहेर पडली, ती बहुतेक सोलापूरकडं नाहीतर पुण्याकडं गेली. वीरभद्र आणि त्याची बायको शिवकांता तेवढी उलट्या दिशेला गेली. लातूर रोडला गाडीत बसून परळी, परभणी, नांदेड असं करत मुदखेडला उतरली, तिथून आदिलाबादची गाडी धरली आणि पैनगंगेच्या पलीकडं एका उघड्या कोळसाखाणीवर जाऊन पोचली. आमचं गाव चाकूरच्या वरच्या अंगाला. तिथल्या लोकांनी तोवर दगडी कोळसा पाहिला असेल तर रेल्वेच्या इंजिनात, तोही लांबून.

शिवकांताकाकू म्हणजे माझ्या वडिलांची चुलतवहिनी. हे सगळं मला तिनंच सांगितलं. एका बैठकीत नव्हे. शेंगा फोडताना, वाती वळताना, मध्येच थांबत. कधी एकच गोष्ट दोनदा सांगायची आणि दुसऱ्यांदा सांगताना तिला काहीतरी नवं आठवायचं.

त्या वर्षी गावची विहीर दिवाळीआधीच तळाला गेली होती. वीरभद्र आणि शिवकांता दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. नवं लग्न झालेलं, मूलबाळ नाही. वीरभद्राचा थोरला भाऊ मलप्पा एका संध्याकाळी म्हणाला, ‘‘शेतात आता दोघा भावांना काम न्हाई. एकानं बाहीर जाऊन बघावं.’’ खडीच्या कामावरल्या एकाचा साडू खाणीवर होता. त्याच्या ओळखीवर ही दोघं निघाली.

खाण म्हणजे भुयार असेल असं शिवकांताला वाटलं होतं. पाहिलं तर एवढ्या मोठ्या शिवाराचा नुसता खड्डा. पायऱ्या-पायऱ्यांनी खाली गेलेला, वरच्या पायऱ्या तांबड्या, मग पिवळट, आणि तळाला काळा थर. त्या पायऱ्यांवरून डंपर वर-खाली करायचे. एकेकाचं चाक माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. पण तिला पहिल्या दिवशी सगळ्यांत नवल वाटलं ते पाण्याचं. खड्ड्याच्या तळाला झिरपून साचलेलं पाणी पंपानं उपसत होते आणि एका जाड पाइपातून वर आणून नाल्यात सोडत होते.

‘‘हे पानी कुठं जातंय?’’ तिनं नवऱ्याला विचारलं.

‘‘कुठंच न्हाई. फेकून देऊन राहिलेत.’’

गावाकडं एका घागरीसाठी बायका कोसभर चालत होत्या. शिवकांता पाइपाच्या तोंडाशी गेली, पाय धुतले, तोंड धुतलं, आणि तिथंच उभी राहून रडली. वीरभद्र जरा बाजूला उभा राहिला. लोक बघताहेत म्हणून त्याला लाजल्यासारखं झालं होतं.

वीरभद्राला कोळशाच्या ढिगावर काम मिळालं. शिवकांता बायकांच्या टोळीत मालगाडीच्या वाघिणी भरायला लागली. डोक्यावर पाटी घ्यायची, फळीवरून चढायचं, ओतायचं, उतरायचं. टोळीत छत्तीसगडच्या बायका होत्या, तेलुगू बोलणाऱ्या होत्या. तिची बोली समजणारी एकच, इस्लापूरची तारामती. वयानं दहा-बारा वर्षांनी मोठी, विधवा, अंगानं काटक. तिनं शिवकांताला चुंबळ कशी बांधायची, चढताना श्वास कसा धरायचा, डंपर मागं येताना ड्रायव्हरला आपण दिसत नसतो, हे सगळं शिकवलं.

लागणं-मोडणं तिथं नेहमीचं होतं. सुरुंग उडाला की दगड कुठवर येईल सांगता यायचं नाही. कुणाच्या डोळ्यात कोळशाची कपची जायची, कुणाचं बोट साखळीत सापडायचं. वीरभद्राच्या अंगठ्यावर कोळशाचा गड्डा पडून नख गेलं, तर तो आठवडाभर फडकं बांधून काम करत राहिला. ‘‘नख हाय, परत येतंय,’’ म्हणायचा. ते आलंच नाही नीट. काळं, वाकडं आलं.

आणि आग. कोळसा कुणी न पेटवता पेटतो, हे शिवकांताला खरं वाटेना. तारामतीनं सांगितलं, ‘‘कडब्याची गंज वली रचली की आतून कशी तापती? हात घातला तर भाजतोय का न्हाई? तसंच हाय हे. फरक येवढाच की गंज इझती, ह्यो ढीग इझत न्हाई.’’ कोळसा वेळच्या वेळी उचलला तर ठीक. बरेच दिवस एका जागी पडला की पोटातून धुमसायला लागतो. मग त्याला फोडायचं, पसरायचं, पाणी मारायचं. वीरभद्राच्या टोळीचं काम तेच होतं.

एक उन्हाळा असाच गेला. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. वाघिणी येईनात. खाण मात्र चालूच होती, त्यामुळे कोळसा साचत गेला. रुळाच्या कडेला जो ढीग कधी दोन पुरुष उंच नसायचा तो डोंगरासारखा वाढला. वरून वैशाखाचं ऊन. संप मिटला तेव्हा ढिगातून तीन-चार ठिकाणी धूर येत होता.

खाणीवर प्रत्येक पाळीच्या मजुरांवर नजर ठेवायला एक माणूस असतो, त्याला सरदार म्हणतात. त्या पाळीचा सरदार अमृतराव, कंधारकडचा. आवाज मोठा, मनानं बरा. त्यानं ढिगावर फळ्या टाकून घेतल्या आणि सगळ्यांना बजावलं, ‘‘फळी सोडून पाय टाकायचा न्हाई. वरून गार दिसतंय म्हणून गार समजायचं न्हाई.’’ वीरभद्र पाण्याची नळी ओढत पुढं गेला. नळी कुठंतरी अडकली. ती सोडवायला तो फळीवरून खाली उतरला. दोन पावलं, फार तर तीन. वरचं कवच तेवढं शाबूत होतं, आत सगळं जळून पोकळ झालेलं. तो कमरेपर्यंत खाली गेला. हातातली नळी त्याच्यासोबत आत पडली आणि पाणी निखाऱ्यावर पडून वाफ उसळली.

शिवकांता तेव्हा पलीकडच्या बाजूला एका वाघिणीवर होती. तिनं पांढरा लोट पाहिला. पांढरा लोट म्हणजे पाणी पडलं, आग विझतेय, असं तिला दीड वर्षात ठाऊक झालं होतं. ती पाटी घेऊन फळी चढली, ओतली, उतरली. पुन्हा भरली. तारामती पळत आली तेव्हा तिची तिसरी पाटी डोक्यावर होती. हे ती मला दरवेळी सांगायची, ‘‘मी काम करून राहिले व्हते. तिकडं ते आत हायेत, आन् मी पाटी वतून राहिले.’’

अमृतराव आणि आणखी दोघांनी वीरभद्राला ओढून काढलं होतं. अमृतरावाचे तळहात सोलले. वीरभद्राला खाणीच्या दवाखान्यात नेलं. कमरेखाली काही उरलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. तो काही दिवस जगला. तोंड, छाती, हात चांगले होते, त्यामुळे बोलायचा. एकदा म्हणाला, ‘‘पाय लई गार पडलेत. पांघरून टाक.’’ डॉक्टरांनी पायांना काही लागू द्यायचं नाही म्हणून वर लोखंडी कमान ठेवली होती, त्यावर चादर. शिवकांतानं चादर सारखी केल्यासारखं केलं. ‘‘आता?’’ तिनं विचारलं. ‘‘आता बरं वाटतंय,’’ तो म्हणाला.

तो गेला त्या दिवशी खाणीवरच्या लोकांनी भराभर लाकडं जमवली. परमुलखातला माणूस, कुणी नातेवाईक नाही, तर आपणच करायला पाहिजे, या भल्या भावनेनं. वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत सरण रचायला घेतलं. शिवकांता दवाखान्याच्या ओट्यावर बसली होती. तिला ते दिसलं तशी ती उठून अमृतरावाकडं गेली.

‘‘त्यांना आगीत घालायचं न्हाई,’’ ती म्हणाली.

हातांना पट्ट्या बांधलेला अमृतराव गोंधळला.

‘‘आमच्यात मातीत देतेत. बसवून देतेत. आगीत न्हाई घालायचं आता त्यांना.’’

अमृतरावाला तेव्हा लक्षात आलं. कंधारकडं लिंगायतांची घरं त्यानं पाहिली होती. त्यानं सरण मोडून लाकडं परत न्यायला लावली. जवळच्या बाजारगावात एक लिंगायत दुकानदार होता, त्याच्याकडून विभूती आणली, त्याच्याच ओळखीचे एक म्हातारे जंगमस्वामी आले. जागा कुठली द्यायची हा प्रश्न आला. खाणीसाठी घेतलेलं पण अजून न खोदलेलं एक शेत होतं, बांधावर जुना कडुलिंब. खाण तिथवर यायला आयुष्य जाईल, असं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं. त्या लिंबाखाली खड्डा घेतला. वीरभद्राला बसवणं अवघड होतं. ते कसं केलं हे शिवकांता कधी बोलली नाही. डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं, बेल वाहिला, विभूतीचे गोळे भोवती रचले आणि माती लोटली.

मलप्पा तार मिळाल्यावर आला तोवर सगळं उरकलं होतं. तो लिंबाखाली बराच वेळ बसला. मग भावजयीला म्हणाला, ‘‘चल घरी. अव्वानं घेऊन यायला सांगितलंय.’’ अव्वा म्हणजे त्यांची आई, गुरम्मा.

‘‘हितं हे हायेत,’’ शिवकांता म्हणाली.

मलप्पानं फार आग्रह केला नाही. खाणीच्या नियमानं नवऱ्याच्या जागी बायकोला काम मिळणार होतं. साहेबांच्या खोलीत तिला मयताचं नाव विचारलं, तर ती खाली बघत उभी राहिली. नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. शेवटी तारामतीनं सांगितलं, ‘‘वीरभद्र. लिहा, वीरभद्र.’’

नवऱ्याच्या जागी म्हणजे ढिगावर. पाणी मारायला.

पहिले काही महिने तिला नळी हातात धरता येत नव्हती. वाफ उठली की ती मागं सरायची. मग नळी दुसरा कुणी घ्यायचा. अमृतरावानं एकदा विचारलं, ‘‘दुसरीकडं घालू का तुमाला? झाडलोट हाय, कॅंटीन हाय.’’ ती म्हणाली, ‘‘न्हाई. राहू द्या हितंच.’’ का, ते तिला तेव्हाही सांगता आलं नाही आणि पुढं मलाही. हळूहळू ती मागं सरेनाशी झाली. लोखंडी गजानं पुढं टोचून बघायचं, मगच पाऊल टाकायचं, एवढं ती कटाक्षानं करायची. नवीन कुणी घाईत पुढं जाऊ लागला तर ती त्याच्या सदऱ्याला धरून मागं ओढायची. त्यावरून तिची भांडणंही झाली.

काम सुटलं की ती लिंबाकडं जायची. जाताना वाटेत पंपाच्या पाण्यानं कळशी भरून घ्यायची. थोडं लिंबाला घालायची, थोडं मातीवर शिंपडायची. मग बसायची. काय करत होतीस तिथं, असं मी विचारलं, तर म्हणाली, ‘‘काय करनार? बसायची. आज कोन पडलं, कोनाला लागलं, ते सांगायची.’’ वसाहतीतल्या बायकांना ती जरा विचित्र वाटायची. दुसरं लग्न कर असं एक-दोघींनी सुचवलं, मग सुचवायचं सोडलं. सणाला खोल्या-खोल्यांतून वेगवेगळ्या भाषांतली गाणी ऐकू यायची. शिवकांता दिवा लावून दार पुढं करून घ्यायची.

तारामती होती तोवर बरं होतं. दोघी एकत्र भाकरी करायच्या. तारामतीला सहस्रकुंडाचा धबधबा लहानपणापासून माहीत. त्याचा आवाज कसा येतो हे ती रंगवून सांगायची आणि शिवकांता म्हणायची, ‘‘आमच्याकडं आवाज यायला पानी तर पायजे.’’ मग दोघी हसायच्या. पण एका पावसाळ्यात, चिखलात, मागं येणाऱ्या डंपरचं चाक तारामतीच्या पावलावरून गेलं. जिनं शिवकांताला ड्रायव्हरला आपण दिसत नसतो म्हणून शिकवलं होतं, तिच्याच पायावरून. पाऊल कापावं लागलं. तारामती इस्लापूरला भावाकडं गेली. जाताना स्टेशनवर म्हणाली, ‘‘तू पन नीघ आता. कोनासाठी ऱ्हातीस?’’ शिवकांतानं तिची कुबडी डब्यात चढवून दिली. गाडी गेल्यावर ती वसाहतीत आली आणि त्या दिवसापासून तिच्याशी तिच्या बोलीत बोलणारं कुणी उरलं नाही. अमृतराव होता, पण तो सरदार, कामापुरता बोलणार.

खाण पुढं सरकत होती. आयुष्य जाईल म्हणत होते, त्याला आठ वर्षंही लागली नाहीत. लिंबापासून खड्ड्याची कड आधी दिसत नव्हती, मग लांबून दिसायला लागली, मग मधलं शेत गेलं. आणि ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात लिंबाची पानं एका अंगाची वाळली. शिवकांताला वाटलं पाणी कमी पडतंय. तिनं दोन कळश्या घालायला सुरुवात केली. पावसाळा लागला तरी ती बाजू हिरवी होईना. एके दिवशी मातीवर पाणी शिंपडलं, तर ते नेहमीसारखं मुरलं नाही. त्यातून हलकी वाफ आली. तिनं हात ठेवून पाहिलं. जमीन तापलेल्या तव्यासारखी नव्हे, तापकऱ्या माणसाच्या कपाळासारखी होती.

खड्ड्याच्या भिंतीत उघडा पडलेला कोळशाचा थर कधीतरी पेटला होता आणि आग थर धरून आत-आत चालली होती. ज्याला आगीपासून राखायला मातीत ठेवलं, त्याच्याकडं आग मातीखालून आली होती.

अमृतरावानं येऊन पाहिलं. बांधाच्या पलीकडं जमिनीला भेगा पडल्या होत्या, एकीतून धूर येत होता. त्यानं तिथं काटेरी फांद्या टाकून वाट बंद केली.

‘‘बाई, आता हितं यायचं न्हाई. कधी खचंल सांगता येत न्हाई. तुमाला मी काय सांगू?’’

‘‘आन् हे?’’

‘‘आग तोडायला चर खंदनार हायेत. आडवा, खोल. त्यो ह्या लिंबावरूनच जाणार.’’ मग म्हणाला, ‘‘तुमच्या लोकाला इचारून या. तोवर मी थांबवतो. लई दिवस थांबनार न्हाई.’’

ती बऱ्याच वर्षांनी गावी आली. लातूर रोडच्या फलाटावर उतरली तर जो तो एकच बोलत होता. लातूर जिल्हा झाला होता. आता उस्मानाबादला खेटे नकोत, कचेऱ्या इथंच येणार, नवे साहेब येणार. चाकूरच्या बसमध्ये लोक मोठमोठ्यानं हिशेब करत होते की कुठून कुठून रस्ता होईल. कुणीतरी कौतुकानं तिलाही विचारलं, ‘‘कोन्या जिल्ह्यातून आलात बाई?’’ ती म्हणाली, ‘‘खाणीवरून.’’

घरी मलप्पानं ऐकून घेतलं. तो आता पिकला होता, गावात मान होता. म्हणाला, ‘‘गेलेला मानूस हलवत नसतेत. आन् मूग काढणीला आलाय, मला आता निघता येत न्हाई.’’ त्याच्यात वाईटपणा नव्हता. आठ वर्षांत भाऊ त्याच्यासाठी एक जुनी गोष्ट झाला होता. गावातल्या स्वामींना विचारलं. स्वामी म्हणाले, ‘‘मातीत दिला तवाच त्यो लिंगैक्य झाला. तिथं आता त्याचं काही न्हाई, बाई. माती हाय.’’

शिवकांता येऊन गुरम्मापाशी बसली. म्हातारीला दिसत नव्हतं. तिनं सुनेचे हात चाचपले. तळव्यांना पडलेले घट्टे बोटांनी बघितले.

‘‘स्वामी काय म्हनले?’’

शिवकांतानं सांगितलं.

‘‘त्यांचं खरं असंल,’’ गुरम्मा म्हणाली. ‘‘त्यांनी पोथ्या वाचल्यात. पन तू तिथं हायेस, त्याच्यापाशी, म्हनून मला इथं झोप लागत व्हती. आता आग लागली म्हंतीस ना? मग काढ त्याला. माझ्याकडं आन.’’

दुसऱ्या दिवशी ती परत निघाली.

खाणीवर अमृतरावानं दोन अनुभवी माणसं घेतली. कमरेला दोर बांधले, खाली फळ्या टाकल्या. शिवकांता नळी घेऊन कडेला उभी राहिली. खणतील तशी जमीन ओली ठेवायची होती. माती वरून ओली, खाली कोरडी आणि गरम. लिंबाची मुळं कोळशासारखी काळी झालेली. माणसं खणत होती आणि हात भाजतात म्हणून मध्ये मध्ये थांबत होती. एकदा तिच्या पायाजवळची भेग अचानक उघडली आणि पाणी आत गेलं. वाफेचा फवारा वर आला. तिचा उजवा हात कोपरापासून आणि मानेची एक बाजू पोळली. अमृतराव ओरडला, ‘‘नळी सोडा.’’ तिनं सोडली नाही. ती म्हणायची, ‘‘मागच्या टायमाला पांढरी वाफ बघून मी लांब पाटी वतीत व्हते. ह्या टायमाला जवळ व्हते.’’

आग तिथवर पोचली नव्हती. जवळ आली होती. जे मिळालं ते फार नव्हतं, पण होतं. विभूतीचे गोळे मातीत मिसळून राखाडी थर झाला होता आणि त्यात इष्टलिंग तसंच होतं. तिनं सगळं एका कोऱ्या पांढऱ्या कापडात बांधलं. दवाखान्यात जाऊन हाताला मलम-पट्टी केली आणि दुसऱ्याच दिवशी निघाली. अमृतराव आदिलाबादपर्यंत सोडायला आला. गाडी सुटताना त्यानं गाठोड्याला हात जोडले. तळव्यांवरची जुनी गुळगुळीत कातडी तिला खिडकीतून दिसली.

गाडीत ती गाठोडं मांडीवर घेऊन बसली. समोर किनवटच्या बाजारची एक बाई होती. तिनं विचारलं, ‘‘वर ठिवा की. हात दुखंल. काय हाय त्याच्यात?’’

‘‘घरचं हाय,’’ शिवकांता म्हणाली.

इस्लापूरच्या स्टेशनात तारामती कुबडीवर उभी होती. तिला निरोप पोचला होता. गाडी थांबते न थांबते तोच तिनं खिडकीतून भाकरीची पुरचुंडी आत दिली. मग हात आणखी आत घालून गाठोड्यावर ठेवला. गाडी हलली तरी तारामतीनं हात लगेच काढला नाही, एका पायावर चार उड्या गाडीबरोबर आली.

गावात मूग तोडणी चालू होती. मलप्पानं गाठोडं पाहिलं आणि कुदळ घेतली. शेताच्या वरच्या बांधाला खड्डा त्यानं एकट्यानं खणला. गड्यानं हात पुढं केला तर त्याला दिली नाही. स्वामी आले, मातीत आता काही नाही हा विषय पुन्हा न काढता त्यांनी मंत्र म्हटले. गुरम्माला खाटेवर बसवून आणलं होतं. तिनं गाठोडं मांडीवर घेतलं, वजन पाहिल्यासारखं हातात तोललं, आणि म्हणाली, ‘‘जन्मला तवा येवढाच व्हता.’’ मग दिलं.

सगळ्यांना वाटलं शिवकांता आता राहील. गुरम्मानं तसं म्हटलंही. तिच्यासाठी कोपऱ्यातली खोली झाडून ठेवली होती. ती पंधरवडा राहिली, हाताच्या जखमा भरू दिल्या आणि परत गेली. का गेलीस, हे मी तिला धीर करून एकदा विचारलं.

‘‘हितं ऱ्हायले असते तर मी कोनाच्या तरी घरची बाई. तिथं मला नावानं हाक मारायचे. काम व्हतं माझं.’’

पण गेल्यावर काय झालं तेही तिनं सांगितलं. पहिल्या दिवशी पाळी सुटली. तिनं सवयीनं कळशी भरली आणि चालू लागली. पुढं वाटच नव्हती. चर खोदला होता, खोल, आडवा. लिंब गेला होता, बांध गेला होता. चराच्या पलीकडच्या भेगांवर डोझर माती लोटून आग दाबत होता. ती कळशी घेऊन तशीच उभी राहिली. आठ वर्षं लोक तिला एकटी म्हणत होते आणि ती मनातून ते मानत नव्हती. त्या दिवशी मानलं. कळशी रुळाच्या कडेला ओतून ती खोलीवर आली, आणि तेव्हापासून संध्याकाळचं काय करायचं हे तिला शेवटपर्यंत नीट समजलं नाही. काही दिवस स्टेशनवर जाऊन गाड्या बघितल्या. काही दिवस लवकर झोपून पाहिलं.

ढिगावर ती निवृत्त होईपर्यंत राहिली. तिच्या टोळीतली माणसं भाजली, पडली, पण कवचातून खाली कुणी गेलं नाही. हे तिच्यामुळं, असं ती कधी म्हणाली नाही. ‘‘नशीब,’’ म्हणायची.

मग ती गावी आली. गुरम्मा, मलप्पा तोवर गेले होते. पुतण्यांनी शेतातल्या वस्तीवर एक खोली दिली. उजवा हात कोपरात पूर्ण सरळ व्हायचा नाही, खोकला कायमचा. माणसांशी बोलताना ती अधूनमधून हिंदी, तेलुगू शब्द टाकायची आणि ऐकणाऱ्या बायका एकमेकींकडं बघायच्या. वरचा बांध खोलीपासून हाकेच्या अंतरावर होता, पण तिकडं ती रोज जात नव्हती. सणावाराला जायची, फुलं ठेवून यायची. मला ते नवल वाटलं. ती म्हणाली, ‘‘हितं त्यांची माय हाय शेजारी, भाऊ हाय. माझी काय गरज?’’

माझी आई एकदा तिच्याकडं शेंगा द्यायला गेली होती, मी सोबत होतो. ऊन उतरलं होतं, काकू दारात पाटावर बसली होती. आईनं विचारलं, ‘‘एकटीला करमतं का हो, वहिनी?’’

काकूनं पदरात शेंगा घेतल्या. ‘‘करमत न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘बस जरा.’’

आई बसली. मीही बसलो. बराच वेळ तिघंही शेंगा फोडत राहिलो.